छोटी क्रॉसओव्हर, मोठं एस्टिमेट

 

आज एका कागदापासून सुरुवात करतो. मे २०२५ मध्ये माझा भाचा हा कागद घेऊन घरी आला. त्याच्या गाडीचं वर्कशॉपमधलं एस्टिमेट होतं ते. हेड ओव्हरहॉल २६,०००, क्लच सेट १७,५००, सस्पेन्शनचं काम १४,३००, एसी ९,०००, इतर ५,०००. एकूण ७१,८०० रुपये. गाडी आठ वर्षांची, डिझेल, चार मीटरच्या आतली छोटी क्रॉसओव्हर, ९६ हजार किलोमीटर झालेली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण आज जे सांगणार आहे ते या वर्गातल्या जवळपास सगळ्याच गाड्यांना लागू आहे.

भाचा म्हणाला, "मामा, गाडी विकून टाकू का?"

प्रश्न साधा नव्हता. भाऊजींची, म्हणजे त्याच्या वडिलांची, किमो ग्वाल्हेरला चालू होती. दर एकवीस दिवसांनी शंभर किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी गळून गेलेल्या माणसाला घेऊन शंभर किलोमीटर परत यायचं. आधीच्या खेपेला येताना डबऱ्याच्या गर्दीत गाडी तापली, लाल दिवा लागला आणि भाऊजी दीड तास रस्त्याच्या कडेला एका ढाब्यावर खाटेवर पडून राहिले. पुढच्या किमोला अकरा दिवस होते. एवढ्या दिवसांत चांगली जुनी गाडी शोधून, तपासून, कागद करून घेणं होत नाही, आणि ७१,८०० रुपयेही घरात नुसते पडलेले नव्हते.

मी स्वतः गॅरेजवाला नाही, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. झाशीच्या रेल्वे वॅगन कारखान्यात नोकरी झाली. तिथे एक सवय लागली: कुठलाही भाग बदलण्याआधी तो का गेला हे विचारायचं. वॅगन असो की मोटार, प्रश्न तोच.

आधी क्रॉसओव्हर म्हणजे काय ते दोन वाक्यांत. दिसायला ती जीपसारखी, उंच आणि रुंद खांद्यांची. आतून मात्र ती हॅचबॅकच असते: एकसंध बॉडी, पुढच्या चाकांना ताकद, स्प्रिंगा थोड्या उंच. मग ती नेमकी चार मीटरच्या आतच का? २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्या साच्यात बसवून २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू, आणि मग रांगच लागली.

दुरुस्तीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बॉडी मोठी, इंजिन लहान आणि बॉनेटखाली जागा चिंचोळी. दोनशे रुपयांच्या भागापर्यंत पोहोचायला मिस्त्रीला कधी बंपर उतरवावा लागतो. म्हणून या गाड्यांच्या बिलात मजुरीचा आकडा भागापेक्षा मोठा दिसला, तर लगेच फसवणूक समजू नका. त्या भागापर्यंत जायला काय काय उतरवलं, ते विचारा.

आता आपल्या कागदावरची सगळ्यात महाग ओळ, हेड ओव्हरहॉल. गाडी तापली एवढ्यावरून मिस्त्री म्हणाला होता, "गैस्केट गया, हेड खुलेगा." मी भाच्याला तीनच गोष्टी विचारल्या. तापते कधी, हायवेवर की गर्दीत? गर्दीत. कूलंट कमी होतं का? थोडं झालं होतं, तापल्यावर उतू गेलं तेव्हा. आणि एसी? तो म्हणाला, "एसीचं वेगळंच आहे मामा. चालत्या गाडीत गार, फाटकावर उभं राहिलं की गरम हवा. त्याचेच तर नऊ हजार लिहिलेत."

मंडळी, इथे थोडं थांबतो, कारण आजच्या भागाचा गाभा इथे आहे. बंपरच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर असतो, त्याला चिकटून मागे इंजिनाचा रेडिएटर आणि त्यामागे विजेचा पंखा. दोन्ही जाळ्यांमधून हवा ओढायचं काम तो एकटा पंखा करतो. गाडी ताशी ऐंशीने जाते तेव्हा समोरचा वारा पुरतो, पंखा नसला तरी भागतं. गाडी उभी राहिली की वारा संपतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. त्यामुळे इंजिन गर्दीतच तापत असेल आणि एसीही गर्दीतच हात वर करत असेल, तर बहुतेक वेळा तो एकच रोग असतो. एस्टिमेटमध्ये मात्र तो दोन ओळींत, पस्तीस हजारांचा होऊन बसला होता.

उलट हायवेवर, चढावर, चार माणसं आणि सामान भरलेलं असताना तापत असेल आणि गावात नाही, तर रेडिएटर आतून चोंदलेला असतो, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो किंवा वॉटर पंप दमलेला असतो. आणि कुठेही गळती न दिसता कूलंट कमी होत राहिलं, इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे आले, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत आला किंवा तेल दुधाळ झालं, तर मग हेड गॅस्केटचा संशय खरा. तेव्हाही थेट हेड उघडायचं नाही. एक साधी चाचणी असते. निळ्या द्रवाची नळी कूलंटच्या तोंडावर धरतात. जळलेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. पाचशे ते हजार रुपयांत होते. सव्वीस हजार खर्च करण्याआधी ती मागणं हा तुमचा हक्क आहे. मिस्त्रीला राग आला तर येऊ द्या.

आम्ही सिपरी बाजाराकडच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे ती करून घेतली. रंग निळाच राहिला. मग बंपर उतरवला. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जे निघालं ते पाहून मिस्त्रीही हसला. बोटभर जाड राखाडी थर, त्यात मेलेले किडे आणि गवत. झाशीच्या भोवती ग्रॅनाइटच्या खाणी आणि खडीचे क्रशर आहेत. ती भुकटी ओलसर हवेत बसते, मेमध्ये भाजून निघते आणि विटेसारखी होते. पंखा फिरत होता, पण मेल्यासारखा. त्याची मोटर गेल्यातच जमा होती.

खर्च सांगतो. पंख्याचा जोड ६,२००, थर्मोस्टॅट १,४००, चार लिटर कूलंट १,६००, जाळ्या उतरवून साफ करणं आणि बाकी मजुरी २,२००. झाले ११,४००. एसीला केबिन फिल्टर ४०० रुपयांचा बदलला, बाकी काही नाही. पंखा नीट फिरायला लागला आणि एसी आपोआप गार झाला.

तुमच्याकडे आकडे थोडे वेगळे असतील. मी जी बिलं पाहतो त्यांत रेडिएटर नवा घातला तर पाच ते दहा हजार, वॉटर पंप दोन ते पाच हजार, आणि गॅस्केट खरंच गेली तर हेड घासून, जुळवून सगळं मिळून वीस ते चाळीस हजार. अकरा हजारांचं काम लांबणीवर टाकलं की ते चाळीस हजारांचं होतं, कारण तापलेलं अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. भाच्याने त्या दिवशी डबऱ्याला गाडी लगेच बाजूला घेतली, म्हणून हेड वाचलं. आणखी पाच किलोमीटर "आता घरच आलं" म्हणत दामटली असती, तर तो मिस्त्री खरा ठरला असता.

याच जोडीला तीन गोष्टी. पहिली, आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नाही, फक्त दिवा आहे. लाल दिवा लागला म्हणजे उशीर आधीच झालेला आहे. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात सोडा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची उष्णता तुमच्याकडे येईल. बाजूला घ्या, बंद करा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, किमान पाऊण तास नाही. त्या वाफेने भाजलेले हात मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. बुंदेलखंडात बोअरचं पाणी जड आहे. मराठवाड्यात, सोलापूर-विजापूर भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बादलीवर पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रस्त्यात अडलात तर पाणी घाला, नाइलाज आहे. पण घरी आल्यावर सगळं काढून कूलंट भरा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, घट्ट असेल तर डब्यावर लिहिलंय तेवढंच शुद्ध पाणी घालायचं.

तिसरी गोष्ट आमच्याकडची खास. उन्हाळा आला की इकडचे काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. म्हणे गाडी गार राहते. राहते खरी, हिवाळ्यातसुद्धा. मग इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं आणि काजळी धरतं. मे २०२४ च्या अखेरीस झाशीचा पारा ४९ अंशांवर गेला होता. त्या उन्हातही धडधाकट थर्मोस्टॅट असलेल्या गाड्या व्यवस्थित चालल्या. भाच्याच्या गाडीतही कुणीतरी तो काढून टाकलेला होता, म्हणून वर १,४०० चा नवा लिहिलाय.

आता सस्पेन्शन. कागदावर १४,३०० होते आणि त्यात दोन्ही बाजूंचे शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, सगळं एकदम लिहिलं होतं. तक्रार काय, तर पुढून आवाज येतो. आवाज ऐकायला शिका मंडळी, पैसे वाचतात. छोट्या छोट्या खड्ड्यांवर हलकी खटखट येत असेल तर बहुतेक लिंक रॉड: जोडी हजार ते अडीच हजार. मोठ्या गतिरोधकावरून उतरताना धप्प होत असेल तर शॉकअप किंवा त्याच्या वरचं माउंट: पुढची शॉकअपची जोडी पाच ते नऊ हजार. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कटकट येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा, आणि त्याचं रबरी बूट फाटलं असेल तर वेळीच बदला, कारण बूट शेकड्यांत येतं आणि सांधा हजारांत. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं असेल तर व्हील बेअरिंग किंवा टायर.

आमच्याकडे निघाला एका बाजूचा लोअर आर्म आणि दोन लिंक रॉड. आर्म २,८००, रॉडची जोडी १,९००, मजुरी १,२००, अलाइनमेंट ६००. एकूण ६,५००. शॉकअप कोरडे होते, तेल गळत नव्हतं, गाडीचा कोपरा दाबून सोडला तर एकदा वर येऊन थांबत होता. ते बदलण्याचं कारणच नव्हतं.

उंच गाडी आहे म्हणून गतिरोधकावर वेग कमी करायचा नाही, हा गैरसमज या वर्गाच्या गाड्यांना सगळ्यात जास्त मारतो. गाडीची उंची पोट वाचवते, बुश वाचवत नाही.

इथपर्यंत हिशेब छान जमलाय ना? ११,४०० अधिक ४०० अधिक ६,५००, म्हणजे १८,३००. एकाहत्तर हजारांचे अठरा हजार झाले, मामा शहाणा ठरला. आता मामाची चूक ऐका.

एस्टिमेटमध्ये क्लचचे १७,५०० होते. मी स्वतः तपासला. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू क्लच सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच गचकन बंद पडतं, गेलेला असेल तर इंजिन चालूच राहतं. बंद पडलं, पण लगेच नाही, थोडं रेंगाळून. पेडलही अगदी वर आल्यावर पकडत होतं. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत चालेल, तेव्हा करू." पैसे वाचवायच्या नादात म्हणालो, हे कबूल करतो.

जुलैमध्ये ग्वाल्हेरच्या खेपेआधीच्या संध्याकाळी दतियाच्या अलीकडे गाडीने हात टेकले. आरपीएम वर जात होते आणि गाडी जागची हलत नव्हती. पाऊस चालू होता. टोईंगचे ३,५०० गेले, क्लच सेट आणि मजुरी मिळून १६,९०० गेले. दुसऱ्या दिवशी भाऊजींना रेल्वेने न्यावं लागलं. झाशी-ग्वाल्हेर गाड्या भरपूर आहेत, पण भर पावसात, हातात सलाइनची सुई टोचून निळं पडलेलं, अशा माणसाला गर्दीच्या डब्यात उभं केल्यावर जे वाटतं ते वाटलंच. आधीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट चार ओळींत चुकलं होतं, एका ओळीत बरोबर होतं, आणि ती ओळ मी खोडली होती.

तेव्हा क्लचचा नियम माझ्यापुरता बदललाय. ब्रेक, क्लच आणि टायर यांच्या बाबतीत "अजून चालेल" हे उत्तर गाडीवर अवलंबून नाही, तुम्ही तिच्यात कुणाला बसवणार त्यावर आहे. एकटे बाजारात जात असाल तर चालवा संपेपर्यंत.

या वर्गाच्या गाडीत क्लच सेट साधारण बारा ते पंचवीस हजारांत होतो. पेट्रोलचा खाली, डिझेलचा वर. फ्लायव्हील खराब असेल तर आणखी. आणि तो लवकर जाण्याचं कारण नव्वद टक्के वेळा पाय असतो. माणिक चौकात गाडी इंच इंच सरकवताना अर्धा क्लच दाबून ठेवायचा, ही आपली राष्ट्रीय सवय आहे. ऑटोमॅटिक घेतली म्हणून सुटका नाही. दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सचा कोरडा प्रकार अशा सरकत्या गर्दीत तापतो आणि त्याचा क्लच-जोड बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. साध्या एएमटीत क्लच नेहमीचाच असतो, तो दाबायला फक्त यंत्राचा हात असतो. तो हात बिघडला तर वीस ते चाळीस हजार. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी थोपवून धरू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ डिझेल असेल तर तुमच्याकडे आणखी एक पाहुणा आहे, डीपीएफ. काजळी अडवणारी गाळणी. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी तिला लांब आणि जोराची धाव लागते. रोज घर ते शाळा ते बाजार असे तीन-तीन किलोमीटर चालवाल तर ती चोंदणारच. दिवा लागला की एका सकाळी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं साठ-सत्तरच्या वर एकसारखी चालवा. आमच्या झाशीकरांचं बरं आहे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही मोठे राष्ट्रीय महामार्ग, ४४ आणि २७, इथेच एकमेकांना छेदतात. ललितपूरच्या दिशेने एक फेरी मारली की काम झालं. दिव्याकडे दुर्लक्ष केलंत तर वर्कशॉपमध्ये साफ करायला पाच-दहा हजार आणि बदलायची वेळ आली तर लाखाची भाषा. ज्यांचं रोजचं अंतर छोटं आहे त्यांनी डिझेल घेऊच नये, असं माझं मत आहे, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

बॅटरी. लोक समजतात थंडीत जाते. जाते थंडीत, पण तिला मारतो उन्हाळा. इकडे तीन वर्षं झाली की मी तपासून घेतो. पाच ते साडेसात हजार. ऑटो स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीला तिची खास बॅटरी लागते, साधी बसवली तर वर्षभरात परत दुकानात.

आणि उंदीर! हसू नका. गणपतीबाप्पाचं वाहन आपल्या वाहनावर फार प्रेम करतं. आमच्या इथे गणेश मंदिर आहे, जिथे १८४२ मध्ये मनकर्णिकेचं गंगाधररावांशी लग्न लागलं. त्याच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांत गाडी लावणाऱ्या प्रत्येकाकडे उंदराची एक कथा आहे. एखादी वायर जोडायला पाचशे रुपये, पण इंजिनाचं पूर्ण वायरिंग बदलायला सांगितलं तर वीस-तीस हजार सहज. आधी विचारा, की तुटलेल्या दोन तारा जोडून, नीट गुंडाळून भागेल का. बहुतेक वेळा भागतं. चारचाकीत बसून वडापाव खायचा आणि कागद सीटखाली सरकवायचा, ही सवय मोडा.

पावसाचं एकच. पुलाखाली साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर त्या एका स्टार्टरने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं.

जुनी क्रॉसओव्हर घेणाऱ्यांचे सगळ्यात जास्त फोन इकोस्पोर्टबद्दल येतात, म्हणून तेवढं बोलतो. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. गाडी दणकट, चालवायला मजेची आणि आता स्वस्तात मिळते. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. पण घेण्याआधी तुमच्या गावापासून सर्वांत जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते मोजा आणि एका भागाचा, म्हणजे समजा पुढच्या लाइटचा, भाव आणि मिळायचे दिवस विचारून बघा. पुण्या-मुंबईत जे दोन दिवसांत येतं ते आमच्याकडे ग्वाल्हेर, कानपूर किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवावं लागतं. आणि तिच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट तेलात भिजत फिरतो. तिथे चुकीचं तेल किंवा लांबवलेली सर्व्हिस अजिबात चालत नाही. अशी गाडी घेताना तेल बदलल्याच्या पावत्या दाखवा म्हणावं, नसतील तर पुढची बघा.

याउलट २०२० पूर्वीच्या डिझेल ब्रेझात जे १.३ लिटरचं इंजिन होतं ते मुळात फियाटचं, आणि मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत तेच बसवलेलं. झाशीच काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी त्याचा मिस्त्री आणि भाग सापडतो. गाडीच्या गुणांइतकंच हेही महत्त्वाचं.

भाग घेताना कंपनीच्या डब्यातलाच हवा असं नाही. क्लच असो की ब्रेक पॅड, गाडीची कंपनी तो स्वतः बनवत नाही, व्हॅलिओ किंवा लुकसारख्या कारखान्यांकडून घेते. त्याच कारखान्याच्या नावाच्या डब्यात तो पंधरा-वीस टक्के स्वस्त मिळू शकतो. नकली मालाचा धोका आहे, म्हणून पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बहुतेक भागांवर २८ होता. कर सोडून दहा हजारांचा भाग आधी १२,८०० ला पडायचा, आता ११,८०० ला. भाच्याचा क्लच दोन महिने उशिरा गेला असता तर हजारभर वाचले असते, पण क्लच कुणाला विचारून जात नाही. मुद्दा असा, की तुमच्या हातात जुन्या दराचं एस्टिमेट असेल तर ते नव्याने काढायला सांगा.

काढायला सांगाल तेव्हा प्रत्येक भागाचा नंबर, त्याचा भाव आणि मजुरी वेगवेगळ्या रकान्यांत मागा. "सस्पेन्शनचं काम" अशी मोघम ओळ स्वीकारू नका. "इतर ५,०००" तर मुळीच नाही. आमच्या कागदावरच्या त्या पाच हजारांत काय होतं, हे भाच्याने विचारल्यावर तिथल्या माणसालाही सांगता आलं नाही. बदललेले जुने भाग परत मागा, डिकीत घालून घरी न्या, हवं तर भंगारात द्या.

राहिला भाच्याचा पहिला प्रश्न, विकू का. गाडीला तेव्हा साडेतीन लाख येत होते. तिच्या जागी दुसरी बरी गाडी घ्यायची तर वर तीन-चार लाख घालावे लागले असते, म्हणजे महिन्याला आठ-नऊ हजारांचा हप्ता. त्याचा सगळा खर्च शेवटी १८,३०० अधिक १६,९०० अधिक टोईंगचे ३,५००, म्हणजे ३८,७०० झाला. साडेचार-पाच महिन्यांचे हप्ते. गाडी त्याहून जास्त चालणार असेल तर ठेवायची, हा माझा सरळ हिशेब. अपवाद दोन. चेसिसला मोठ्या अपघाताची दुरुस्ती असेल किंवा इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग यांपैकी दोन गोष्टी एकाच वर्षात उघडाव्या लागल्या असतील, तर मोह सोडा. डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आहे ना, असं बरेच जण विचारतात. ती चर्चा दिल्ली आणि एनसीआरची. झाशी त्यात येत नाही. तुमचा जिल्हा येतो का ते पाहून घ्या.

भाऊजींच्या किमोच्या खेपा डिसेंबरात संपल्या, आता तीन महिन्यांतून एकदा तपासणी असते. परवाच जाऊन आले. गाडी दारात उभी राहिली तशी मी चहाआधी बॉनेट उघडायला लावलं. भाऊजी खिडकीतून म्हणाले, "अहो, आधी मला उतरू द्या." इंजिन गरम होतं म्हणून झाकणाला हात लावला नाही, बाहेरूनच टाकी पाहिली. कूलंट दोन रेघांच्या मधोमध होतं.